जनावर कोठे चालले आणि कसे चालले

सोलापूर हे महामार्गांच्या फाट्यावर वसलेले शहर आहे. पुण्याहून हैदराबादकडे जाणारा रस्ता, धुळ्याहून बीड-तुळजापूरमार्गे येऊन विजापूरकडे उतरणारा रस्ता आणि सांगलीकडून येऊन लातूर-नांदेडच्या दिशेने जाणारा रस्ता हे येथे एकमेकांना मिळतात. त्यातच सांगोल्याचा रविवारचा खिलार जनावरांचा बाजार, पंढरपूरच्या वाऱ्यांचे बाजार आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतील बाजार यांमुळे या जिल्ह्यात जनावरांची ने-आण बारा महिने चालू असते. अधूनमधून रात्री एखादे वाहन नाक्यावर अडविले जाते, पंचनामा होतो, आणि दाटीवाटीने कोंबलेल्या जनावरांची सुटका झाल्याची बातमी दुसऱ्या दिवशी छापून येते. वाचकाला बरे वाटते आणि विषय तेथेच संपतो.

वस्तुतः जनावराचा प्रवास तेथे संपलेला नसतो. नाक्यावरून ते गोशाळेत जाते. त्या गोशाळेत जागा नसेल तर दुसरीत जाते. खटल्याचा निकाल मालकाच्या बाजूने लागला तर पुन्हा मालकाकडे जाते. हा पुढचा प्रवास कोणत्या वाहनातून झाला, किती दाटीने झाला आणि त्याचा खर्च कोणी सोसला, हे बातमीत नसते. आपल्या व्यवस्थेने जनावर कोठे चालले आहे या प्रश्नाला जेवढे महत्त्व दिले, तेवढे ते कसे चालले आहे या प्रश्नाला दिलेले नाही. या असमतोलाचे मूळ कायद्यात आहे आणि त्याहून अधिक त्यामागच्या हिशेबात आहे.

नियमांची बारकाई

या विषयावर नियमच नाहीत असा एक सर्वसाधारण समज आढळतो. तो खरा नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. त्यामागे राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी मांडलेल्या खाजगी विधेयकाची प्रेरणा होती. या कायद्याच्या कलम ११ अन्वये जनावराला अनावश्यक वेदना होतील अशा रीतीने त्याची वाहतूक करणे हा गुन्हा आहे. कायद्याखाली १९७८ साली प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम करण्यात आले, आणि ते वाचताना त्यांतील बारकाई लक्षात येते. जनावर प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला हवा. चढविण्यापूर्वी त्याला चारापाणी झालेले हवे. मालमोटारीच्या तळाशी पाय घसरू नये म्हणून काथ्याची चटई किंवा फळ्या हव्यात. एका गाडीत सहांपेक्षा अधिक गुरे नकोत, सोबत एक राखणदार हवा, त्याच गाडीत दुसरा माल नको, आणि गुरे बुजू नयेत म्हणून त्यांची तोंडे शक्यतो इंजिनाकडे असावीत, इतपत तपशील त्यात आहे.

रेल्वेच्या डब्यांसाठीही प्रमाण ठरलेले आहे. रुंद मापाच्या डब्यात दहा मोठी गुरे, मीटर मापाच्या डब्यात सहा आणि अरुंद मापाच्या डब्यात चार. बार्शी लाइट रेल्वे पाहिलेल्या पिढीला यातील शेवटचा आकडा ओळखीचा वाटेल. ती अरुंद गाडी आता इतिहासजमा झाली, आणि या भागातील गुरांची वाहतूक रुळांवरून उतरून डांबरी रस्त्यावर आली. हा बदल ध्यानात घेऊन २०१५ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करण्यात आली. १ जानेवारी २०१६ पासून जनावरे नेणाऱ्या वाहनात कायम स्वरूपाचे कप्पे असणे आणि गाय किंवा म्हैस यांसाठी प्रत्येकी दोन चौरस मीटर जागा असणे बंधनकारक झाले.

साध्या मालमोटारीचा हौदा अठरा फूट लांब आणि सात फूट रुंद धरला, तर त्याचे क्षेत्रफळ पावणेबारा चौरस मीटरच्या आसपास येते. म्हणजे सहा गुरांनाही तो किंचित अपुराच पडतो. तथापि, सरसकट मापाला मर्यादा असतात. पंढरपुरी म्हशीची लांब शिंगे मागे वळून खांद्याच्याही पलीकडे जातात. शेजारच्या जनावराच्या डोळ्याला त्यांपासून असलेला धोका दोन चौरस मीटरच्या मापात मोजला जात नाही. तरीही नियमांच्या या चौकटीचे प्रामाणिक पालन झाले असते, तर तक्रारीला फारशी जागा उरली नसती.

पन्नास रुपयांचा दंड

पालन का होत नाही याचे उत्तर दंडाच्या तरतुदीत सापडते. १९६० च्या कायद्यानुसार पहिल्या गुन्ह्याला किमान दहा आणि कमाल पन्नास रुपये दंड आहे. तीन वर्षांच्या आत तोच गुन्हा पुन्हा घडला, तर पंचवीस ते शंभर रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही. साठ साली पन्नास रुपये ही जाणवणारी रक्कम होती. त्यानंतर शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या महागाई भत्त्याची फेररचना कितीदा झाली हे सांगावयास नको. या दंडाला मात्र महागाई भत्ता मिळालेला नाही.

उदाहरणादाखल समजा, एका खेपेचे भाडे बारा हजार रुपये आहे. नियमाप्रमाणे सहा गुरे नेली तर प्रत्येकामागे दोन हजार रुपये पडतात. त्याच गाडीत अठरा गुरे कोंबली तर सहाशे सदुसष्ट रुपये पडतात. अठरा गुरे कायदेशीरपणे न्यायची तर तीन गाड्या, म्हणजे छत्तीस हजार रुपये लागतील. नियम मोडण्याने चोवीस हजार वाचतात आणि पकडले गेल्यास पन्नास रुपये जातात. प्रत्येक जनावराचा दंड वेगळा धरला तरी ही रक्कम नऊशेच्या वर जात नाही. प्रत्येक खेपेस हमखास पकडले जाऊनही नियमभंग फायद्यात राहावा, असे हे गणित आहे. अशा स्थितीत दंडाची जरब राहत नाही आणि तो धंद्याच्या किरकोळ खर्चात जमा होतो. नियमाने गाडी भरणारा वाहतूकदार मात्र स्पर्धेत मागे पडतो.

याहून गंभीर बाब कलम ३१ मध्ये आहे. या कायद्याखालील मोजकेच गुन्हे दखलपात्र आहेत आणि क्रूर वाहतूक त्यांत नाही. याउलट महाराष्ट्र प्राणी रक्षण कायदा, १९७६ हा २०१५ च्या दुरुस्तीनंतर अतिशय कडक झाला. गाय, बैल आणि वळू यांची कत्तल आणि कत्तलीसाठी राज्याबाहेर वाहतूक यांना पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि गुन्हा दखलपात्र तसेच अजामीनपात्र आहे. त्या धोरणाच्या योग्यायोग्यतेची चर्चा येथे प्रस्तुत नाही. परंतु दोन्ही कायदे शेजारी ठेवले म्हणजे नाक्यावरचा पोलीस गाडी कोठे चालली एवढेच का विचारतो, हे उमगते. सहाऐवजी सोळा जनावरे असूनही कागदोपत्री मुक्काम निर्दोष असेल, तर त्याच्या हाती फारसे काही उरत नाही.

ही उणीव कोणाच्या लक्षात आलेली नाही असे नाही. ७ मे २०१४ रोजी नागराज खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने संसदेने परिणामकारक शिक्षेची तरतूद करावी अशी अपेक्षा व्यक्त केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्ती विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्धही केला. पुढची तीन वर्षे तरी तो मसुदाच राहिला.

सुटकेनंतरचा प्रवास

आता जप्तीनंतरच्या स्थितीकडे वळू. नाक्यावर अठरा गुरांची गाडी अडविली, तर ती गोशाळेत पोचविण्यासाठी त्याच नियमानुसार तीन गाड्या लागतात. रात्री दोन वाजता त्या कोणी आणावयाच्या? त्यांचे भाडे कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकावयाचे? ठाणे अंमलदारापाशी याचे उत्तर नसेल, तर ज्या गाडीत क्रूरता झाली म्हणून गुन्हा नोंदला, त्याच गाडीतून, तितक्याच दाटीने जनावरे पुढे धाडण्याचा मार्ग सर्वांत सोपा ठरतो. नियमांनी व्यापाऱ्याची खेप आणि सुटकेची खेप असा भेद केलेला नाही. जनावराच्या फासळ्यांनाही तो कळत नाही.

२०१७ सालच्या मुद्देमाल जनावरांच्या संगोपनविषयक नियमांनी याचे अर्धे उत्तर दिले आहे. जप्त जनावरांची वाहतूक, उपचार आणि देखभाल यांच्या खर्चाला वाहनमालक, माल पाठविणारा, घेणारा आणि वाहतूकदार हे एकत्रितपणे जबाबदार असून जप्त वाहन हे त्या खर्चाचे तारण धरावयाचे आहे. परंतु ही वसुली कालांतराने होणारी आहे. गाडीचे भाडे त्या रात्री रोख लागते. शिवाय या नियमांची दुसरी बाजूही न्यायाची आहे. व्यापाऱ्यांच्या याचिकेवर जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीच्या वेळी असे मत व्यक्त केले की, जनावर हे त्यांच्या उपजीविकेचे साधन आहे आणि दोष सिद्ध होण्यापूर्वी ते हिरावून घेणे मूळ कायद्याच्या कलमाशी विसंगत ठरते. न्यायालयाच्या निकालापर्यंत इतर मुद्देमाल लाखबंद करून कपाटात ठेवता येतो. हा मुद्देमाल रोज चारा खातो, आजारी पडतो आणि मरतोही. २०२२ च्या जानेवारीत अमरावती जिल्ह्यात कच्छमधून पायी आलेले ५८ उंट क्रूरतेच्या तक्रारीवरून ताब्यात घेतले गेले आणि गाईंसाठी असलेल्या गोरक्षण संस्थेत ठेवावे लागले. मोकळ्या रानात झाडपाला खाणाऱ्या जनावराला दावणीचा चारा कितपत मानवेल, याचा विचार ताबा घेण्यापूर्वी होणे इष्ट होते.

गोशाळांची आर्थिक बाजूही तपासली पाहिजे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने गोशाळेतील देशी गाईमागे दररोज पन्नास रुपये अनुदान देण्याचा निर्णय घेतला. तत्पूर्वी २०१९ च्या मे महिन्यात चारा छावण्यांसाठी याच शासनाने मोठ्या जनावरामागे शंभर रुपयांचा दर मान्य केला होता. अनुदान म्हणजे संपूर्ण खर्च नव्हे, हे मान्य केले तरी उरलेली रक्कम देणग्यांतूनच उभारावयाची असते. आणि हे अनुदान परिपोषणाचे आहे, प्रवासाचे नाही. परिणामी जागा आणि चारा संपलेली संस्था जनावरे दुसरीकडे धाडते, तेव्हा तीही खेपा कमी करण्याचाच विचार करते. हेतू भिन्न असला तरी तिचे गणित व्यापाऱ्याच्या गणितासारखेच असते. रोगाचा प्रश्न तर वेगळाच आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगामुळे राज्यातील गुरांचे बाजार बंद करावे लागले. बाजारातून पसरणारा रोग गोशाळेच्या फाटकाशी थांबत नाही.

हा प्रश्न गुरांपुरताही राहिलेला नाही. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा आवारांतील भटकी कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. निवाऱ्यांची चर्चा पुष्कळ झाली. तेथवर नेणाऱ्या पिंजऱ्यांची आणि गाड्यांची फारशी झाली नाही.

छावणीची वाट

सोलापूर जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर या प्रश्नाची खरी कसोटी दुष्काळात लागते. सांगोला, मंगळवेढा या तालुक्यांना छावण्या नवीन नाहीत. छावणीकडे निघालेला शेतकरी व्यापारी नसतो आणि गुन्हेगार तर नसतोच. पण पायी वाहतुकीचे २००१ सालचे नियम पाच किलोमीटरपुढच्या वाटचालीस लागू होतात. ते गाईला दिवसाला तीस आणि म्हशीला पंचवीस किलोमीटरची मर्यादा घालतात, सूर्यास्तानंतर चालविण्यास मनाई करतात आणि तापमानाची वरची मर्यादा तीस अंश सांगतात. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत सकाळीच पारा तिशी ओलांडतो. अक्षरशः पाळावयाचा म्हटला तर हा नियम शेतकऱ्याला पायीही जाऊ देत नाही, आणि सहा जनावरांच्या गाडीचे भाडे दुष्काळात त्याला परवडत नाही. ज्याच्या पालनाची सोय केलेली नाही असा नियम माणसाला नाइलाजाने नियमभंग शिकवितो.

युरोपीय संघाने २००७ पासून लागू केलेल्या नियमांत आठ तासांपुढच्या प्रवासासाठी वाहनाची वेगळी तपासणी, आतील तापमानाची नोंद आणि चालकाला जनावरे हाताळण्याच्या पात्रतेचा दाखला आवश्यक केला आहे. यातील यंत्रसामग्री आपल्याला लगेच पेलणार नाही. चालकाचे प्रशिक्षण मात्र खर्चिक नाही. वळणावर वेग कमी न करणारा चालक दाटीइतकाच घातक असतो.

काय करता येईल

दंडाची रक्कम रुपयांत गोठवून न ठेवता ती खेपेच्या भाड्याच्या पटीत आणि जनावरांच्या संख्येनुसार ठरविली, तर नियमभंगातला नफा नाहीसा होईल. हे संसदेचे काम आहे. पण जिल्ह्याच्या पातळीवर करण्यासारखेही बरेच आहे. प्रत्येक तालुक्यात कप्पे, चटई आणि चढउतारासाठी फळी असलेली दोन-तीन वाहने ठरलेल्या दराने करारावर ठेवावीत. जप्तीच्या रात्री त्यांचे भाडे जिल्हा निधीतून द्यावे आणि २०१७ च्या नियमांप्रमाणे मागाहून वसूल करावे. दुष्काळात हीच वाहने छावण्यांसाठी वापरता येतील. बाजार समित्यांनी जनावरांच्या बाजारात पक्के धक्के बांधावेत, म्हणजे फाळक्यावरून उडी मारावयास लावून पाय मोडण्याचे प्रकार टळतील. १ जून २०२४ पासून राज्यात कानातील बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री आणि वाहतूक करण्यास बंदी आहे. त्याच क्रमांकावर प्रत्येक प्रवासाची, मग तो व्यापाऱ्याचा असो वा गोशाळेचा, नोंद करणे अवघड नाही. आणि एका निवाऱ्यातून दुसऱ्यात जनावर पाठविण्यापूर्वी तेथे जागा, चारा आणि नव्या जनावराला काही दिवस वेगळे बांधण्याची सोय आहे, असे पशुवैद्यकाने लिहून दिल्याशिवाय गाडी हलू नये.

यासाठी लागणारा पैसा छावण्यांवर होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत थोडा आहे. परंतु तो आधी बाजूला काढावा लागतो, आणि आपल्याकडे दुष्काळाचा पैसा दुष्काळ जाहीर झाल्यावर निघतो. तोपर्यंत दावणीचे जनावर मिळेल त्या गाडीत चढलेले असते. पुढच्या उन्हाळ्यापूर्वी जिल्हा नियोजनाच्या बैठकीत या एका शीर्षाखाली तरतूद झाली, तर नाक्यावरच्या पोलिसाला, गोशाळेच्या चालकाला आणि छावणीच्या वाटेवरील शेतकऱ्याला नियम पाळणे प्रथमच शक्य होईल.