खत नव्हे, मधमाशी कमी पडते!

फेब्रुवारीत कुंडीत लावलेली हनीड्यू खरबुजाची वेल मार्चअखेर गच्चीच्या कठड्यावर चढते, पिवळ्या फुलांनी भरते, पण फळ काही धरत नाही. बागप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यावर ठरलेले सल्ले येतात : आणखी खत घाला, फवारणी करा. बहुतेक वेळा हे दोन्ही सल्ले चुकीचे असतात. शहरातल्या वेलीला खरी उणीव असते ती मधमाशीची.

फळ का धरत नाही?

खरबुजाच्या वेलीवर आधी नरफुले येतात. त्यामुळे पहिला आठवडा-दहा दिवस फुले गळाली, तर घाबरू नये. नंतर मागे छोटे लवदार फळ असलेली फुले दिसू लागतात. फळ धरते ते यांनाच. मात्र खरबुजाचा पराग जड आणि चिकट असतो, तो वाऱ्याने उडत नाही. फूल सकाळी उमलते आणि जेमतेम एक दिवस टिकते. तेवढ्या वेळात मधमाशी फिरकली नाही, तर मागचे फळ पिवळे पडून गळते. पराग अपुरा पोहोचला, तर फळ वेडेवाकडे वाढते.

अशा वेळी नत्रयुक्त खत वाढवले, की पानेच माजतात. आणि फुलोऱ्यात सकाळी कीटकनाशक फवारले, तर उरलीसुरली माशीही मरते.

तोवर काय करावे?

सकाळी दहाच्या आत ताजे नरफूल तोडा, पाकळ्या काढा आणि परागाचा भाग फळवाल्या फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. बाकीचे गणित सोपे आहे. एका वेलीला चाळीसेक लिटरची कुंडी, सहा ते आठ तास ऊन आणि पाण्याचा चांगला निचरा हवा. वेलीवर दोन-तीनच फळे ठेवा. मांडवावर चढवली असेल, तर फळाला जुन्या ओढणीची झोळी बांधा. फळमाशीसाठी कामगंध सापळा लावा. फवारणी करावीच लागली, तर सूर्यास्तानंतर करा. नीमतेलालाही हाच नियम.

शेजारी काकडी लावली की खरबूज बेचव होते, हाही गैरसमज आहे. या दोघांचा संकर होत नाही. कोकणातला चिबूड मात्र खरबुजाच्याच जातकुळीतला. त्याच्याशी संकर झाला तरी यंदाच्या फळाची चव बदलत नाही. फरक पडतो तो त्यातले बी पुन्हा पेरल्यावर.

पिकले कसे ओळखावे?

जाळीदार खरबूज पिकले की देठापासून सुटते. हनीड्यू सहसा सुटत नाही, म्हणून घाई होते. फळ धरल्यापासून साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवस थांबा. हिरवट साल मलईसारखी पांढरट-पिवळसर होते, लव जाऊन गुळगुळीत लागते आणि फुलाकडचे टोक किंचित दबते. कच्चे तोडलेले फळ घरात ठेवल्याने मऊ होईल, गोड होणार नाही. शेवटच्या आठवड्यात पाणी कमी करा.

प्रश्न एका कुंडीचा नाही

हाताने पराग फिरवणे हा उपाय आहे, पण ती मजुरी आहे. आजवर हे काम मधमाशा फुकट करत होत्या. आपण मात्र सोसायटीत पोळे दिसले, की पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन लावतो. आग्या माशीचे पोळे जिन्याजवळ असेल, तर भीती रास्त आहे. तिथे पोळे सुरक्षित हलवणाऱ्या जाणकारालाच बोलवावे. पण झुडपातल्या फुलोरी माशीचे तळहाताएवढे पोळे कुणाच्या अध्यातमध्यात नसते. दोघींना एकच शिक्षा का?

मधमाश्यांवर काम करणारी केंद्रीय संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 पासून पुण्यात आहे. म्हणजे जाणकार शोधायला दूर जावे लागत नाही. सोसायटीच्या पुढच्या सभेत एवढाच ठराव मांडा : पोळे दिसल्यावर आधी ओळख, मग निर्णय, आणि फुलोऱ्याच्या दिवसांत सकाळची फवारणी बंद. गच्चीवर तुळस, सब्जा, झेंडू फुलू द्या.

मे महिन्यात घरचे खरबूज कापायचे असेल, तर तयारी बियाण्याच्या पाकिटाआधी या ठरावापासून सुरू होते.