उंदराची वेदना नीट मोजा

ट्रायजेमिनल न्यूराल्जियात तोंड धुताना, घास चावताना, कधी नुसत्या वाऱ्यानेही चेहऱ्यातून विजेसारखी कळ जाते. १९६२ साली या दुखण्यावर गुणकारी ठरलेले कार्बामाझेपिन आजही पहिल्या पसंतीचे औषध आहे. भोवळ आणि झापड यांमुळे अनेकांना ते सोसत नाही. नव्या औषधाच्या शोधात उंदराच्या डोळ्याखालच्या नसेला सैल टाके बांधतात आणि गालाला बारीक तंतू टेकवतात. तो दचकला नाही, की औषध लागू पडले असे मानतात. पण गुंगीतला उंदीरही दचकत नाही! वेदनेचा संदेश वाहणाऱ्या ‘सबस्टन्स पी’ या रसायनाचा मार्ग अडवणारी औषधे प्राण्यांत वेदनाशामक ठरली, माणसांत मात्र फसली.

म्हणून प्रयोगच थांबवा, असे काही जण म्हणतात. मुक्या जिवाबद्दलची त्यांची कळकळ खरी आहे. पण दुखावलेली नस, मेंदू आणि वागणूक यांचे नाते बशीतल्या पेशींत पुरते दिसत नाही. उंदराच्या चेहऱ्यावरच्या वेदनेच्या खुणा मोजणारी पद्धत २०११पासून उपलब्ध आहे. ती वापरावी, माद्यांचाही समावेश करावा, कोणाला औषध दिले हे निरीक्षकाला कळू देऊ नये. एवढेही न पाळणाऱ्या प्रयोगाला नैतिकता समित्यांनी परवानगी नाकारावी.