उताऱ्याआधी ज्वारीच्या रोपाचे पान बघा

रब्बी जवळ आली की बियाण्याच्या दुकानात आपला एकच प्रश्न असतो, "एकरी उतारा किती?" पण सुपे-मोरगावच्या जिरायतीत काय किंवा इंदापूरच्या रानात काय, ज्वारीचा निम्मा निकाल पहिल्या महिन्यातच लागतो. खोडमाशीने पोंगा मारला, की पुढची सारी मेहनत वाया.

ही माशी कोवळ्या पानाच्या खालच्या अंगाला पांढरे अंडे घालते. अळी पोंग्यातल्या ओलाव्यावरून आत उतरते आणि वाढीचा कोंब कुरतडते. मधले पान वाळते, ओढले की अलगद हातात येते, त्याला घाण वास येतो. हीच पोंगेमर.

पानावर मेण जास्त म्हणजे पीक सुरक्षित, असे कुणालाही वाटेल. ज्वारीच्या रोपाचे मात्र उलटे आहे. मेण कमी असलेले पान चकचकीत दिसते आणि अशा रोपावर माशी अंडी कमी घालते. त्यात पोंग्यात ओलावा कमी आणि पानावर बारीक लव असली, तर अळीची वाटही अवघड होते. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने जगभरचे हजारो वाण तपासले. चकचकीत रोपांचे थोडेच निघाले, अन् त्यांतले बहुतेक आपल्या देशातले! १९३० च्या दशकात मोहोळला निवडलेली मालदांडी ३५-१ याच गुणाची. रोप मोठे झाले की ही चकाकी जाते.

पारख सोपी आहे. दोन आठवड्यांच्या रोपांवर पाणी शिंपडा. चकचकीत पानाला थेंब चिकटून राहतात, मेणचट पानावरून घरंगळतात.

कृषी सहायक आणि सरपंच मंडळींनाही सांगणे आहे. प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर आपण काढणीलाच जमतो. त्याऐवजी चौथ्या आठवड्यात शंभर रोपांमागे किती पोंगे मेले ते मोजा आणि तो आकडा ग्रामसभेत वाचून दाखवा. राहुरी विद्यापीठाचे वाण जरूर घ्या. हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. पण शेजारी मालदांडीच्या चार ओळी पेरा, म्हणजे तुलना डोळ्यांपुढे राहील.

चकाकी म्हणजे काही चिलखत नव्हे. पेरणी लांबली तर माशी मालदांडीलाही सोडत नाही. तेव्हा सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा मध्य ही वेळ साधा, बीजप्रक्रिया चुकवू नका. मात्र औषधाची बाटली उधार आणण्याआधी रोपाचे पान बघा, आणि घरचे मालदांडीचे बी मोडू नका. पान बघायला पैसा लागत नाही.