मापदंड परका, अंधत्व मात्र आपले

अपुऱ्या दिवसांचे बाळ वाचले, काचेच्या पेटीतून आईच्या कुशीत आले, की घरात पेढे वाटले जातात. परंतु त्याच आनंदाच्या दिवसांत बाळाच्या डोळ्यांत एक व्याधी निःशब्दपणे वाढत असू शकते, याची जाणीव फार थोड्या घरांना असते. 'रेटिनोपथी ऑफ प्रीमॅच्युरिटी', अर्थात 'आरओपी' हे तिचे नाव. अकाली जन्मलेल्या बाळाच्या दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्यांची वाढ अपुरी असते. जन्मानंतर त्या विकृत रीतीने वाढल्या, तर दृष्टिपटल सुटते आणि बाळ कायमचे अंध होते.

या व्याधीचा भूगोल डोळे उघडणारा आहे. १९४२ मध्ये बोस्टनच्या डॉ. थिओडोर टेरी यांनी तिचे प्रथम वर्णन केले. १९५१ मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी अनिर्बंध प्राणवायूकडे बोट दाखविले. पाश्चात्त्य देशांनी त्यातून धडा घेतला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात प्रगत देशांतील तीव्र आरओपीग्रस्त बालकांचे सरासरी जन्मवजन ७३७ ते ७६३ ग्रॅम आढळले. इतर देशांत ते ९०३ ते १५२७ ग्रॅम होते. म्हणजे जे बाळ तिकडे डोळस राहते, ते इकडे अंध होऊ शकते!

हा फरक मुख्यतः वंशाचा नव्हे, शुश्रूषेचा आहे. प्राणवायूत हवा मिसळणारे साधे यंत्र नाही, रक्तातील प्राणवायूवर अहोरात्र लक्ष नाही, जंतुसंसर्गाला आळा नाही. मग जीवदान देणारा प्राणवायूच दृष्टी हिरावून घेतो.

अमेरिकेत साधारणतः १५०० ग्रॅम वा ३० आठवड्यांपर्यंतच्या बाळांची नेत्रतपासणी होते. तोच मापदंड आपण डोळे झाकून उचलला असता, तर १७०० ग्रॅमचे आपले बाळ तपासणीविनाच घरी गेले असते. आपल्या तज्ज्ञांनी आपल्याच बाळांचे डोळे पाहिले, म्हणून २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत २००० ग्रॅम वा ३४ आठवड्यांची मर्यादा आली. आपल्या प्रश्नांची उत्तरे आपल्याच भूमीत शोधावी लागतात, ती अशी.

पण सूचना कागदावर राहून दृष्टी वाचत नाही. १९९६ मध्ये तमिळनाडूतील एका शासकीय रुग्णालयात अकाली जन्मलेल्या मुलीची वेळेवर तपासणी झाली नाही आणि तिची दृष्टी गेली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई दिली. न्याय मिळाला, दृष्टी मिळाली नाही.

मार्ग अज्ञात नाही. कर्नाटकात २००८ पासून बंगळुरूच्या नारायण नेत्रालयाचे प्रशिक्षित तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन गावोगावच्या नवजात शिशु कक्षांत जातात. छायाचित्रे दूरस्थ तज्ज्ञ पाहतात. वेळेत लेझर उपचार झाल्यास बहुसंख्य डोळे वाचतात. पहिली तपासणी तीस दिवसांच्या आत, अतिअल्प वजनाच्या बाळांची त्याहूनही आधी, एवढेच पथ्य आहे.

म्हणूनच अशा प्रत्येक बाळाच्या घरी जाण्याच्या कागदावर नेत्रतपासणीची तारीख असल्याशिवाय त्याला निरोप देऊ नये, हा नियम शासकीय आणि खाजगी रुग्णालयांत सारखाच कठोर हवा. वस्तीवस्तीत पोहोचलेल्या सेवाकार्यांनी आशाताईंच्या जोडीने ती तारीख पाळून घ्यावी. जगात सर्वाधिक अकाली जन्म आपल्या देशात होतात. त्या लेकरांना केवळ श्वास देऊन राष्ट्राचे कर्तव्य संपत नाही. त्यांना आपल्या मातेचे मुखही दिसले पाहिजे.