नखांचा रंग आणि शाळेचा नियम

गणपतीची सुट्टी संपली की प्रार्थनेच्या वेळी मुलींची रंगवलेली नखे शिक्षकांच्या डोळ्यांत येतात. मग ब्लेडने रंग खरवडायला लावणे, वर्गाबाहेर उभे करणे असे प्रकार अनेक शाळांत होत आले आहेत. मला ते पटत नाही.

नियम हवा तो नखांच्या लांबीचा आणि स्वच्छतेचा. वाढलेल्या नखाखाली माती व जंतांची अंडी साठतात आणि जेवताना पोटात जातात. नख तांबडे असल्यामुळे कुणाला जंत होत नाहीत.

शिवाय हे काही शहरातून आलेले खूळ नव्हे. पावसाळ्यात आपल्या भागात तेरडा फुलतो. कोकणात अनेक घरी त्याचीच गौर पूजतात. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत तेरड्याला गुलमेहंदी म्हणतात, म्हणजे नावातच उपयोग आला. मेंदीच्या पानातले लॉसोन हे रंगद्रव्य तेरड्यातही असते. कोरियात मुली तेरड्याची फुले तुरटीबरोबर कुटून नखांना बांधतात आणि पहिला बर्फ पडेपर्यंत रंग टिकला तर पहिले प्रेम सफल होते असे मानतात. (कणकुंबीला बर्फ पडत नाही, पालकांनी काळजी करू नये.)

घरी करून पाहायचे तर तेरड्याची फुले व पाने चिमूटभर तुरटी घालून वाटावीत. नखाभोवतीच्या कातडीला तेल लावावे, म्हणजे बोट रंगत नाही. नखावर चिकटपट्टीची बारीक पट्टी किंवा टिकली चिकटवावी, वर लगदा ठेवून पानाने व दोऱ्याने बांधावे आणि रात्रभर ठेवावे. सकाळी नख केशरी आणि झाकलेला भाग कोरा, अशी नक्षी मिळते. खाज सुटली तर लगेच धुवावे. मेंदीनेही हेच साधते.

तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण नखाला लागू नाही. रंग नखातल्या केराटिनला धरतो व नखाबरोबरच पुढे सरकतो. हाताचे नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढते. मुळाशी दिसणारा कोरा भाग दर आठवड्याला पट्टीने मोजला तर विज्ञानाच्या वहीत एक चांगला आलेख होईल.

बाटलीतला रंग वापरायचा असेल तर खिडकी उघडी ठेवावी आणि चुलीपासून लांब बसावे, कारण तो व तो पुसायचे ॲसिटोन दोन्ही पेट घेतात. टाचणीच्या बोंडाने पाच ठिपके गोल व मधे एक दिला की फूल झाले. ठिपक्यांची रांगोळी येणाऱ्या मुलीला हे शिकवावे लागत नाही. दिव्याखाली सुकवायचे जेल मात्र घरी नको. अशा जेलमध्ये वापरले जाणारे टीपीओ हे रसायन युरोपीय संघाने सप्टेंबर 2025 पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केले आहे. काळी मेंदीही नको, तिच्यात मिसळलेल्या पीपीडीने कातडीवर फोड येतात.

विश्वस्त मंडळींना माझी विनंती आहे की नियमपत्रकात 'नखे रंगवू नयेत' याऐवजी 'नखे बोटाबाहेर वाढू नयेत' असे लिहावे. हा नियम मुलग्यांनाही लागू राहील. त्यांच्या नखांकडे आजवर कुणी फारसे पाहिलेले नाही आणि खरी माती तिथेच असते.