तोंडाला वास येतो म्हणून?

गेल्या थंडीत आमच्या मोहल्ल्यातल्या कमिटीने रस्त्यावर झोपणाऱ्यांना ब्लँकेटं वाटायचं ठरवलं. यादी करताना एक मुद्दा निघाला आणि पाच मिनिटांत मंजूरही झाला: पिणाऱ्यांना द्यायचं नाही. तो ब्लँकेट विकून पिणार, आणि शराबीला मदत म्हणजे गुनाहला मदत. सरकारी बेघर निवाऱ्याचा कारभारही बहुतेक ठिकाणी असाच चालतो. दारू पिऊन आलेल्याला प्रवेश नाही. मशिदीची कमिटी आणि महापालिका यांचं एरवी नळाच्या पाण्यावरसुद्धा एकमत होत नाही, पण इथे झालं. या एकमताशी माझं भांडण आहे.

दारू हराम आहे. याबद्दल मला शंका नाही आणि कुणी माझ्याकडून फट शोधू नये. पण रात्री अकरा वाजता निवाऱ्याच्या दारातून परत फिरवलेल्या माणसाचं पुढे काय होतं, ते बघा. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून पिणाऱ्याला ऊब वाटते. प्रत्यक्षात त्याच्या अंगातली उष्णता झपाट्याने बाहेर जात असते. नागपूर-नाशिकच्या डिसेंबरात हा माणूस दुभाजकावर किंवा बंद दुकानाच्या पायरीवर पडतो. तिथे गाडी चढू शकते, उताणा पडून उलटी घशात अडकू शकते. म्हणजे ज्याला त्या रात्री छताची सगळ्यांत जास्त गरज आहे, नेमका तोच बाहेर.

नियमाचा दुसरा परिणाम तर उलटाच होतो. बाटली आत नेता येत नाही, ठेवायला जागा नाही, कष्टाचे पैसे देऊन घेतलेली चपटी टाकवतही नाही. मग माणूस फाटकाबाहेरच ती घटाघट संपवतो. जी दारू रात्रभरात गेली असती, ती दहा मिनिटांत जाते. दारू थांबवायला केलेला नियम दारूचा वेग वाढवतो, हे कमिटीतल्या कुणाच्या लक्षात कसं येत नाही?

"मग सोडून का देत नाही?" हा आपला आवडता प्रश्न. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली, तर पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भास, कंप, बडबड सुरू होऊ शकते आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस मरू शकतो. हे औषधावर, डॉक्टरच्या नजरेखाली करायचं काम आहे. नुसत्या इराद्यावर सोडायला सांगणं धोक्याचं आहे. लॉकडाऊनने हे आपल्याला दाखवलं होतं. एप्रिल २०२१ मध्ये दुकानं बंद असताना यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत माणसं सॅनिटायझर पिऊन मेली. त्याआधी जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभरावर बळी घेतले. गरिबाला दारूबंदीची भाषा ऐकवली की तो पिणं थांबवतो असं नाही. बऱ्याचदा तो आणखी घातक काहीतरी पितो.

आता दीनची गोष्ट. दारूबाबतचा हुकूम एका रात्रीत उतरला नाही, हे मदरशातल्या पोरालाही माहीत असतं. आधी सांगितलं गेलं की तिच्यात फायदा थोडा आणि नुकसान मोठं. मग, नशेत नमाजजवळ जाऊ नका. आणि शेवटी पूर्ण मनाई. मौलाना म्हणतील की टप्पे संपले, आता शेवटचाच हुकूम लागू. मान्य. हुकूम कायम झाला. माणसाचं शरीर मात्र तेव्हा होतं तसंच आहे, आणि पिणाऱ्याचं शरीर टप्प्याटप्प्यानेच सुटतं.

बुखारीतल्या त्या प्रसंगाचं काय करायचं? प्यालेल्या माणसाला पैगंबरांसमोर आणलं गेलं, त्याला सजा झाली. सजा झाली हे मी लपवत नाही. पण नंतर कुणीतरी त्याला बददुआ दिली, तेव्हा पैगंबरांनी त्यालाच अडवलं, की आपल्या भावाविरुद्ध सैतानाला मदत करू नका. आपली कमिटी कुणाला मदत करते आहे? सूरह तौबामध्ये जकातचे आठ हकदार सांगितले आहेत, त्यांत 'न पिणारा मिस्कीन' असा वेगळा रकाना नाही. पैसे दारूत जातील अशी भीती असेल तर पैसे देऊ नका. जेवण द्या, खाट द्या.

(मी उर्दू शिकवतो. मय, साकी, मयखाना ही अर्धी शब्दसंपत्ती शेर समजावताना रोज तोंडात असते. मुशायऱ्यात दारूच्या शेरावर वाहवा करून घरी जाताना फुटपाथवरच्या खऱ्या पिणाऱ्याला ओलांडून जाणारे आम्हीच.)

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. निवाऱ्यात म्हातारे असतात, बायका-मुलं असतात. दारूड्याने धिंगाणा घातला तर? आयुष्यभर पिणाऱ्या नवऱ्याचा मार खाऊन बाहेर पडलेल्या बाईला पुन्हा त्याच वासात झोपायला लावायचं? अजिबात नाही. बायका-मुलांचा निवारा वेगळाच हवा. पुरुषांच्या निवाऱ्यात नियम वागणुकीचा असावा. जो मारामारी करतो, शिवीगाळ करतो, त्याला बाहेर काढा, मग तो प्यालेला असो की नसो. जो गुपचूप येऊन कोपऱ्यात पडतो, त्याचं तोंड हुंगायचं कारण नाही.

कॅनडात टोरांटोमध्ये १९९० च्या दशकात बेघर माणसं थंडीने गोठून मेली, त्यानंतर तिथे पिणाऱ्यांसाठी वेगळा निवारा सुरू झाला. ओटावातल्या एका निवाऱ्यात तर ठरावीक तासाने मोजून वाइन दिली जाते. २००६ मध्ये त्यावर अभ्यास छापून आला. माणसं फक्त १७, अभ्यास छोटाच, पण त्यांच्या तातडीच्या विभागातल्या फेऱ्या ३६ टक्क्यांनी घटल्या होत्या. निवाऱ्याने दारू ओतून द्यावी असं मी म्हणणार नाही, मला ते पटत नाही. पण तिथल्या लोकांनी आधी 'हा आज रात्री जगेल का' हे विचारलं आणि 'हा सुधारला का' हे नंतर. तो क्रम मला आपल्याकडे हवा आहे.

त्याला फार खर्चही नाही. दारात कुलपाची पेटी, बाटली तिथे जमा, सकाळी परत. (दारू वाहून नेणाऱ्यावरही लानत आहे ही हदीस मला माहीत आहे, निवारा महापालिकेचा आहे, पेटीची चावी मुतवल्लीकडे नसेल.) प्यालेल्याला खाली गादी, वरची खाट नाही. कुशीवर झोपवायचं, रात्री दोनदा उठून श्वास बघायचा. सकाळी नाश्ता, आणि दवाखान्यातून बी-वन जीवनसत्त्वाच्या गोळ्या, कारण फार पिणाऱ्यात त्याची कमतरता मेंदूवर जाते. हात थरथरायला लागले तर थेट सरकारी रुग्णालय. व्यसनमुक्ती केंद्रात बऱ्याचदा सोबत नातेवाईक मागतात. बेघराने तो कुठून आणायचा? तिथे निवाऱ्याच्या केअरटेकरची सही चालली पाहिजे. आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी हेल्पलाइन नंबर केअरटेकरला पाठ हवा.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगून ठेवलं की शहरात दर एक लाख लोकांमागे एक निवारा हवा, वर्षभर, चोवीस तास. त्यात पिणाऱ्याला वगळलेलं नाही.

यंदाच्या ब्लँकेटांची मीटिंग पुढच्या जुम्म्याला, असरनंतर आहे. तो मुद्दा यादीतून काढा असं मी लिहून दिलं आहे, आणि उरलेल्या पैशातून निवाऱ्यात एका माणसाचा रात्रपाळीचा पगार द्यावा, असंही. ज्यांना पटतं त्यांनी येऊन हात वर करावा, ज्यांना पटत नाही त्यांनीही यावं.