हौस आणि पेढी

आपल्या घरातील मुलगी टेनिस खेळते, बॅडमिंटन खेळते, याचे आपल्याला कौतुक असते. तिच्या ढाली दिवाणखान्यात मांडल्या जातात. परंतु तीच मुलगी "हाच माझा व्यवसाय" असे म्हणते, तेव्हा घर गप्प होते. खामगाव-मलकापूरच्या बाजारात कापसाच्या भावाची जोखीम सहज उचलणारे आपण या एका वाक्यापुढे थबकतो. ते थबकणे अगदीच अनाठायी नाही. हौशी आणि व्यावसायिक खेळाडू यांच्यात खेळाचे अंतर थोडे असते, जमाखर्चाचे फार.

जर्मनीची गोल्फपटू एस्थर हेन्सेलाईट हिने 2019 च्या आरंभी हौशी दर्जा सोडला आणि त्याच वर्षी युरोपीय महिला मालिकेत ती अव्वल ठरली. 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकचे रौप्यपदकही तिने मिळवले. पण पहिल्याच हंगामात असे यश विरळाच. या खेळात बहुधा दोन दिवसांनंतर छाटणी होते आणि मागे पडलेलीला एक पैसाही मिळत नाही. विमानभाडे, निवास, प्रशिक्षक, काठ्यांची पिशवी वाहणारा कॅडी, हा सारा खर्च मात्र तिच्याच खात्यावर पडतो. पगार नाही, हमी नाही. ही पेढीच होय, फक्त माल म्हणजे स्वतःचे शरीर.

टेनिसचे गणितही वेगळे नाही. सर्वांत खालच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम 15,000 डॉलर असते. ती साऱ्या खेळाडूंत विभागली जाते आणि विजेतीच्याही हाती अडीच हजारांहून कमीच पडते. पहिल्या फेरीत हरलेल्या मुलीचे परतीचे भाडेही त्यातून सुटत नाही.

म्हणूनच महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसले हिचा मार्ग मला विशेष विचारात घेण्याजोगा वाटतो. पोलीस अधिकाऱ्याची ही कन्या 1996 मध्ये जन्मली आणि 2012 मध्ये, सोळाव्या वर्षाच्या आसपास, फेडरेशन चषकात भारताकडून खेळली. असे यश हाती आल्यावर शिक्षणाला रामराम ठोकून थेट व्यावसायिक दौऱ्यावर निघण्याचा मोह कोणालाही झाला असता. ती मात्र 2014 मध्ये अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात दाखल झाली आणि 2017 पर्यंत त्यांच्या संघातून खेळली.

तिकडे महाविद्यालयीन खेळाडूला मैदान, प्रशिक्षक, प्रवास हे सारे विद्यापीठ पुरवते. त्या बदल्यात हौशी दर्जा जपावा लागतो. त्या काळी खेळण्याच्या खर्चापलीकडची बक्षिसाची रक्कम स्वीकारण्यावर कडक निर्बंध होते. स्वतःच्या नावाची जाहिरात करून पैसे मिळवण्याची मुभा तर 2021 मध्ये आली. वरवर पाहता ही कमाईची वर्षे वाया गेली, असे वाटेल. व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर ती भांडवल उभारणीची वर्षे होती. दुसऱ्याच्या खर्चाने रोज स्पर्धात्मक खेळ, आणि हाताशी शिक्षणही. कर्ज काढून वयाच्या सतराव्या वर्षी दुकान थाटण्यापेक्षा हा सौदा मला अधिक शहाणपणाचा दिसतो. अर्थात प्रत्येकीला तो मिळतोच असे नाही.

विद्यापीठाबाहेर पडल्यावर खरी कसोटी होती. छोट्या स्पर्धा, लांबचे प्रवास, क्रमवारीची एकेक पायरी. 2020 मध्ये दुबईत भारतीय महिला संघाने फेडरेशन चषकाच्या जागतिक गटाच्या प्ले-ऑफमध्ये प्रथमच धडक मारली; त्या संघात सानिया मिर्झा व अंकिता रैना यांच्यासोबत ऋतुजाही होती.

लग्नानंतर मुलीचा खेळ सुटतो, हे आपण जणू निसर्गनियम मानून चाललो आहोत. ऋतुजाचे पती स्वप्निल गुगळे हे स्वतः महाराष्ट्राचे क्रिकेटपटू. 2016 च्या रणजी सामन्यात दिल्लीविरुद्ध त्यांनी नाबाद 351 धावा केल्या आणि अंकित बावणे यांच्यासह 594 धावांची अभेद्य भागीदारी रचली. दोघांचेही आयुष्य मैदानावरचे. तेव्हा सून महिनोन्महिने परगावी का, हा प्रश्न त्या घरात वेगळ्या कानांनी ऐकला जात असावा. आपल्या घरांत तो कसा ऐकला जातो, ते ज्याचे त्यानेच तपासावे.

30 सप्टेंबर 2023 रोजी हांगझोऊ आशियाई क्रीडास्पर्धेत मिश्र दुहेरीचा अंतिम सामना झाला. तिचा जोडीदार रोहन बोपण्णा, वय 43. समोर चिनी तैपेईची जोडी. पहिला सेट 2-6 असा गेला. दुसरा 6-3 ने आला आणि निर्णायक टायब्रेकरमध्ये भारताची जोडी 10-4 ने जिंकली.